मानेतल्या गाठीपासून ‘कार-टी’पर्यंत: लिम्फोमाचा नवा इलाज कुणासाठी, कसा आणि त्याआधी काय?

‘कॅन्सर आता एका इंजेक्शनात बरा, औषध भारतातच तयार’ असा निरोप गेली दोनेक वर्षं मोबाइलवर फिरतो आहे. त्यातलं निम्मं खरं आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून घडवलेल्या ‘कार-टी’ या पेशी-उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियामकाची मंजुरी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईत त्याचं लोकार्पण केलं. पण हा इलाज सगळ्या कॅन्सरवर चालत नाही, सुरुवातीलाच कुणाला देत नाहीत, आणि त्यातला इंजेक्शनचा भाग जेमतेम अर्ध्या तासाचा असतो. यवतमाळ, वाशीम किंवा गडचिरोलीच्या एखाद्या घरात हा निरोप पोचला की पहिला प्रश्न येतो: आपल्या माणसाला हे मिळेल का? त्याचं उत्तर बऱ्याचदा मुंबईच्या कितीतरी आधी, तालुक्याच्या ठिकाणी गाठ कशी तपासली गेली तिथेच ठरून जातं. म्हणून सुरुवात गाठीपासून.

लिम्फोमा म्हणजे काय?

रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार म्हणजे लिम्फोसाइट. त्यातल्या बी-पेशी जंतूंविरुद्ध अँटिबॉडी बनवतात. टी-पेशी बिघडलेल्या किंवा जंतू शिरलेल्या पेशींना स्वतः गाठून मारतात. या पेशींचा मुक्काम मान, काख, जांघ, छाती आणि पोटातल्या लसिकाग्रंथींत असतो. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, ती सुजलेली लसिकाग्रंथीच. जखम भरली की ते उतरतं. एखादी लिम्फोसाइटच बिघडून बेसुमार वाढू लागली तर मात्र गाठ उतरत नाही. तो लिम्फोमा.

त्याची दोन घराणी आहेत. एक हॉजकिन, १८३२मध्ये त्याचं वर्णन करणाऱ्या थॉमस हॉजकिन यांच्या नावाचं. बाकी सगळे नॉन-हॉजकिन. नॉन-हॉजकिनमध्ये बहुतेक प्रकार बी-पेशींचे आणि त्यातला सगळ्यात जास्त दिसणारा ‘डीएलबीसीएल’, म्हणजे मोठ्या बी-पेशींचा लिम्फोमा. तो काही आठवड्यांतच वाढतो. भारतात बनलेली ही कार-टी बी-पेशींच्या लिम्फोमासाठी आणि बी-पेशींच्या तीव्र ल्युकेमियासाठी, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरसाठी आहे. हॉजकिन, टी-पेशींचे लिम्फोमा, तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयमुखाचा कॅन्सर, यांपैकी कशावरही ती मंजूर नाही.

मानेतली गाठ म्हणजे टीबीच ना?

आपल्याकडे बऱ्याचदा असते, आणि अडचण तिथेच आहे. संध्याकाळचा ताप, रात्री अंथरूण भिजवणारा घाम, सहा महिन्यांत दहा टक्के वजन घटणं: ही लक्षणं गंडमाळेतही, म्हणजे गाठींच्या टीबीतही असतात आणि लिम्फोमातही. त्यामुळे पुरावा हातात नसताना टीबीच्या गोळ्या सुरू होतात. दोन-तीन महिने जातात, गाठ वाढतच राहते, आणि तोवर आजार मानेतून छातीत, पोटात उतरलेला असतो.

दीड-दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी, न दुखणारी, रबरासारखी लागणारी आणि चार आठवड्यांत न उतरलेली गाठ असेल तर ती तपासायलाच हवी. गळ्याखालच्या हाडाच्या वरची गाठ तर कधीच सोडू नये. पहिली तपासणी सहसा सुईने पेशी ओढून घेण्याची, एफएनएसीची. टीबी शोधायला ती बऱ्याचदा पुरते. लिम्फोमाचा प्रकार ठरवायला मात्र पुरत नाही, कारण त्यासाठी गाठीच्या आतली रचना बघावी लागते आणि सुईतून सुट्या पेशीच येतात. तिथे बायोप्सी लागते. शक्य असेल तर अख्खी गाठ काढून.

बायोप्सीत काय बिघडतं ते नीट समजून घ्या, कारण सॅम्पलची बाटली बऱ्याचदा नातेवाइकाच्याच हातात देऊन ‘नागपूरला नेऊन द्या’ असं सांगितलं जातं. गाठीचा मोठा भाग १० टक्के फॉर्मालिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या द्रावणात हवा, आणि फॉर्मालिन तुकड्याच्या दहापट. इवल्याशा बाटलीत कोंबलेल्या मोठ्या गाठीचं आतलं मांस सडतं आणि रिपोर्टवर ‘निष्कर्ष काढता येत नाही’ असं लिहून येतं. टीबीचाही संशय असेल तर एक तुकडा वेगळ्या बाटलीत साध्या निर्जंतुक सलाइनमध्ये ठेवायला सांगा. फॉर्मालिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघण्याची तपासणी होत नाही. टीबीचे जंतू झटपट शोधणाऱ्या सीबीनॅट तपासणीलाही ताजा तुकडाच लागतो. एकाच चिऱ्यात दोन्ही आजारांचा निकाल लागू शकतो, फक्त बाटल्या दोन हव्यात.

दुसरी चूक याहून महाग पडते. गाठ आणि ताप घेऊन माणूस गावातल्या डॉक्टरकडे जातो, तिथे ताकदीचं म्हणून डेक्सासारखं स्टेरॉइड टोचलं जातं. स्टेरॉइड लिम्फोसाइट मारतं, म्हणून लिम्फोमाची गाठ चार-सहा दिवसांत खरोखर लहान होते. घरचे निश्चिंत होतात. महिन्याभरात ती दुपटीने परत येते, आणि मधल्या काळात बायोप्सी झालीच तर त्यात मेलेल्या पेशींशिवाय काही सापडत नाही. श्वास अडकण्याइतकी तातडी नसेल तर बायोप्सीआधी स्टेरॉइड नको.

लिम्फोमा निघाला की त्याच तुकड्यावर आयएचसी नावाची तपासणी होते. पेशीच्या अंगावर कोणत्या खुणा आहेत ते ती सांगते: सीडी२०, सीडी३, सीडी३० वगैरे. नुसतं ‘लिम्फोमा’ लिहिलेल्या रिपोर्टवर औषध ठरत नाही. आणि गाठीचा तुकडा ज्यात बसवलेला असतो तो मेणाचा छोटा ब्लॉक व काचपट्ट्या मागून घ्या, जपून ठेवा. मुंबईला गेलात तर पहिल्यांदा तेच मागतील. मे महिन्यात ब्लॉक उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवू नका. ते मेण साठ अंशांच्या आतबाहेर वितळतं आणि आपल्याकडच्या उन्हात बंद गाडीला तिथवर जायला वेळ लागत नाही.

मग थेट कार-टी का नाही?

कारण पहिला इलाजच बऱ्याच जणांना बरं करतो. डीएलबीसीएलसाठी ‘आर-चॉप’ ही पाच औषधांची जोडणी दर २१ दिवसांनी, साधारण सहा वेळा देतात. त्यावर दहापैकी सुमारे सहा रुग्ण कायमचे बरे होतात. यातला ‘आर’ म्हणजे रिटुक्सिमॅब, बी-पेशींवरच्या सीडी२० या खुणेला चिकटणारी अँटिबॉडी. अमेरिकेत ती १९९७मध्ये आली. २००७मध्ये डॉ. रेड्डीज कंपनीने तिचं भारतीय रूप बाजारात आणलं आणि किंमत उतरली. खरं सांगायचं तर लिम्फोमातून आपल्या भागात जेवढी माणसं या स्वस्त झालेल्या औषधाने वाचतील, तेवढी कार-टीने इतक्यात वाचणार नाहीत. त्याची बातमी मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.

आर-चॉपसाठी मुंबई गाठावी लागत नाही. नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था, नागपूरचं सरकारी मेडिकल, सेवाग्राम अशा ठिकाणी कॅन्सरवर इलाज होतात आणि केमोथेरपीची अनेक पॅकेजेस महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आहेत. दोन गोष्टी सांभाळायच्या. रिटुक्सिमॅबआधी हिपॅटायटिस बीची तपासणी झालीच पाहिजे, नाहीतर दबलेली कावीळ उसळून यकृत निकामी होऊ शकतं. आणि २१ दिवस म्हणजे २१ दिवस. पेरणी आली, वेचणीला मजूर मिळेना म्हणून डोस पुढे ढकलला, की उरलेल्या पेशींना सावरायला वेळ मिळतो.

उरलेल्या चारांचं काय? ज्यांचा आजार औषधाला दाद देत नाही किंवा लवकर उलटतो, त्यांना पूर्वी जास्त कडक केमो आणि स्वतःच्याच मूलपेशींचं प्रत्यारोपण एवढाच रस्ता होता, आणि तोही अनेकांना पेलत नसे. कार-टीची जागा इथे आहे.

कार-टी करते तरी काय?

रानडुकरं आणि रोही पिकात शिरू नयेत म्हणून शेतकरी रात्री जागलीला जातो. टी-पेशी तशीच जागल्या आहे. परकं जनावर दिसलं की ती हाकलते. लिम्फोमाची पेशी मात्र गावचंच सुटलेलं जनावर असतं. जागल्याला ते ओळखीचं वाटतं, तो उठत नाही, आणि पीक संपतं. कार-टीमध्ये जागल्याला नवा हुकूम मिळतो: ज्याच्या कानात अमुक बिल्ला दिसेल, ते ओळखीचं असो की नसो, सोडायचं नाही. हा बिल्ला म्हणजे बी-पेशींवरची सीडी१९ ही खूण, आणि तो ओळखायला टी-पेशीवर बसवलेला कृत्रिम अवयव म्हणजे ‘कार’.

इलाजाचे तोटेही याच हुकमातून निघतात. निरोगी बी-पेशींच्या कानातही तोच बिल्ला असतो, म्हणून त्याही मारल्या जातात. आणि एखाद्या कॅन्सरपेशीने बिल्ला टाकून दिला तर जागल्या तिला पुन्हा ओळखत नाही. आजार उलटण्याचं हे एक मोठं कारण आहे.

असा कृत्रिम अवयव बसवलेल्या टी-पेशी इस्रायलच्या वाइझमन संस्थेत झेलिग एश्हार यांच्या गटाने १९८९मध्ये दाखवल्या. लिम्फोमाच्या रुग्णावर सीडी१९ कार-टीचा गुण आल्याचं अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या स्टीव्हन रोझेनबर्ग यांच्या गटाने २०१०मध्ये प्रसिद्ध केलं. कार्ल जून यांच्या पेनसिल्व्हेनियातल्या कामातून पुढे आलेलं पहिलं उत्पादन अमेरिकेत ऑगस्ट २०१७मध्ये ल्युकेमियासाठी मंजूर झालं, आणि मोठ्या बी-पेशींच्या लिम्फोमासाठीचं दुसरं त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये.

भारतातलं काम आयआयटी मुंबईचे राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत सुरू झालं. टाटा मेमोरियलचे हसमुख जैन आणि गौरव नरुला यांनी ते रुग्णांपर्यंत नेलं. या उत्पादनाचं नाव नेक्सकार१९. सुरुवातीच्या परदेशी उत्पादनांत सीडी१९ ओळखणारा तुकडा उंदराच्या अँटिबॉडीतून घेतलेला होता. इथे तो बदलून माणसाच्या प्रथिनाजवळ आणला, आणि मेंदूवरचे दुष्परिणाम फार कमी दिसले. पेशीत नवा हुकूम पोचवणारा विषाणूही, जो सगळ्यात महागडा भाग असतो, त्यांनी विकत न आणता इथेच बनवला.

प्रत्यक्षात रुग्णाचं काय काय होतं?

आधी पात्रता. आजार अजून आहे याचा पुरावा, हृदय-मूत्रपिंड ठीक, एचआयव्ही आणि काविळीच्या तपासण्या, रक्तात पुरेशा लिम्फोसाइट. इथे एक बारीक पण निर्णायक मुद्दा आहे. बेंडामस्टिन हे लिम्फोमावरचं नेहमीचं औषध टी-पेशींना बराच काळ कमकुवत करून ठेवतं. रुग्णाची गाडी कार-टीकडे जाण्याची शक्यता दिसत असेल तर पेशी काढण्याच्या आधीच्या महिन्यांत ते शक्यतो टाळतात. म्हणून आजार उलटला की पुढची केमो सुरू होण्याआधीच ‘कार-टीचा विचार करायचा का’ हे विचारायचं. चार केमो होऊन गेल्यावर विचारून उशीर झालेला असतो.

मग पेशी काढणं. एका नळीतून रक्त मशीनमध्ये जातं, पांढऱ्या पेशी बाजूला निघतात, बाकीचं रक्त परत अंगात येतं. तीन ते पाच तास लागतात. रक्त गोठू नये म्हणून घातलेलं सायट्रेट शरीरातलं कॅल्शियम धरतं, त्यामुळे ओठांना, बोटांना मुंग्या येतात. लगेच सांगायचं, कॅल्शियम दिलं की थांबतं.

पिशवी कारखान्यात जाते. नेक्सकार१९ बनवणाऱ्या इम्युनोॲक्ट कंपनीचा तो नवी मुंबईत आहे. तिथे टी-पेशी जाग्या करतात, निकामी केलेल्या विषाणूमार्फत त्यांच्यात ‘कार’चं जनुक घालतात, सात-दहा दिवस वाढवतात, जंतू तर शिरले नाहीत ना याच्या चाचण्या करतात आणि गोठवतात. सगळं मिळून तीन-चार आठवडे धरा. काही वेळा पेशी वाढतच नाहीत, काही वेळा रुग्णाचा आजार थांबत नाही. म्हणून मधल्या काळात आवरून धरण्यापुरती केमो किंवा रेडिएशन देतात.

पेशी तयार झाल्या की फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फमाइड ही औषधं तीन दिवस. अंगातल्या जुन्या लिम्फोसाइट कमी झाल्या की नव्या पेशींना वाढायला जागा मिळते. एक-दोन दिवस विश्रांती, आणि मग तो निरोपातला ‘इंजेक्शन’चा क्षण. गोठलेली पिशवी ३७ अंशांच्या पाण्यात वितळवून सलाइनसारखी अर्ध्या तासाच्या आत सोडतात. अमेरिकेतल्या एका उत्पादनात वजनाच्या दर किलोमागे २० लाख पेशी देतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२ कोटी. पेशी गोठवायला वापरलेल्या रसायनामुळे खोलीत लसणासारखा वास येतो. त्याला घाबरायचं कारण नाही.

स्वतःच्याच पेशी, मग धोका कसला?

पेशी आपल्या असल्या तरी त्या एकदम जाग्या होतात तेव्हा अंगात वादळ उठतं. साधारण पहिल्या दोन आठवड्यांत ताप चढतो. काहींचा रक्तदाब उतरतो, ऑक्सिजन लागतो. याला सीआरएस म्हणतात. त्यावर टोसिलिझुमॅब हे औषध किलोमागे ८ मिलिग्रॅम देतात. ते हाताशी नसलेल्या ठिकाणी कार-टी घेऊच नये. गरज पडली तर स्टेरॉइडही देतात, पण ते द्यायचं की नाही हे त्या वॉर्डातच ठरतं.

दुसरा धोका मेंदूचा: गोंधळ, बोलताना अडखळणं, क्वचित झटके. तो लवकर पकडायला दहा गुणांची रोजची परीक्षा असते. वर्ष, महिना, शहर आणि रुग्णालय सांगा, चार गुण. दाखवलेल्या तीन वस्तूंची नावं, तीन गुण. सांगितलेली एक कृती, एक गुण. एक वाक्य लिहून दाखवा, एक. शंभरपासून दहा-दहाने उलटं मोजा, एक. गोंडी किंवा कोरकू बोलणाऱ्या, किंवा शाळेत न गेलेल्या रुग्णाला ही परीक्षा हिंदी-इंग्रजीत घेतली तर पहिल्याच दिवशी गुण कमी पडतील आणि खरा बिघाड कळणारच नाही. पेशी देण्याआधी त्याच्याच भाषेत एकदा परीक्षा घेऊन मूळ गुण लिहून ठेवायला सांगा. सही करता येत असेल तर रोज सहीच घ्या; अक्षर बिघडणं हे फार लवकरचं लक्षण आहे.

याशिवाय रक्तपेशी आठवडेच्या आठवडे कमी राहतात, कधी रक्त आणि प्लेटलेट चढवावे लागतात. बी-पेशी संपल्याने अँटिबॉडी कमी होतात, काहींना बाहेरून इम्युनोग्लोब्युलिन द्यावं लागतं. नेक्सकार१९च्या चाचण्यांचे निकाल २०२५मध्ये लॅन्सेट हिमॅटोलॉजीत आले: सुमारे ७३ टक्के रुग्णांचा आजार कमी झाला किंवा दिसेनासा झाला, आणि दोन मृत्यू उपचाराशी जोडलेले होते. गुण येणं आणि कायमचं बरं होणं यांत मात्र अंतर आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत, जुने उपाय थकलेल्या लिम्फोमा रुग्णांपैकी पाच वर्षांनी सुमारे ४३ टक्के जिवंत होते. हा आकडा लहान वाटेल, पण त्याआधी अशा रुग्णांपैकी निम्मे सहा-सात महिन्यांतच जात.

एचआयव्हीचा विषाणू वापरतात म्हणे?

हुकूम पोचवणारा लेंटिव्हायरस एचआयव्हीच्या कुळातला आहे, हे खरं. पण त्याची वाढ करणारी जनुकं काढून टाकलेली असतात, त्यामुळे तो एकदा पेशीत शिरतो आणि संपतो. त्यातून एड्स होत नाही. मात्र कार-टीनंतर एचआयव्हीची एखाद्या प्रकारची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून कुठेही रक्त तपासायला देताना कार-टी झाल्याचं सांगा. टी-पेशींचाच नवा कॅन्सर झाल्याची मोजकी उदाहरणं समोर आल्यावर अमेरिकेच्या नियामकाने २०२४मध्ये सगळ्या कार-टी उत्पादनांवर इशारा छापायला लावला. प्रमाण अतिशय कमी आहे, पण त्यामुळे तपासण्या आयुष्यभर चालू ठेवायच्या.

आणि त्या ‘स्टेम सेल’च्या जाहिराती?

मधुमेह, लकवा, गुडघे, कॅन्सर सगळ्यावर पेशी टोचून देणारी क्लिनिकं वेगळी, कार-टी वेगळी. ओळखायचं सोपं आहे: आयएचसी रिपोर्ट आणि ब्लॉक न मागता जो पैशांचं बोलतो, तो कार-टी देत नाही.

खर्च कोण करणार?

अमेरिकेत लिम्फोमाच्या पहिल्या कार-टीची छापील किंमत ३ लाख ७३ हजार डॉलर होती. नेक्सकार१९ची किंमत सुरुवातीला ४० लाखांच्या आसपास सांगितली गेली. परदेशाच्या मानाने ती कितीतरी कमी आहे, पण पाच एकर कोरडवाहूवाल्यासाठी दोन्ही आकडे सारखेच. प्रत्येक रुग्णाची पिशवी स्वतंत्र बनते, स्वतंत्र तपासली जाते. गोळ्यांसारखी एका घाण्यात लाखभर निघत नाही. जनआरोग्य योजनेच्या पाच लाखांच्या मर्यादेत ती बसत नाही. शिवाय रुग्णालयाचा मुक्काम, अतिदक्षता विभाग आणि टोसिलिझुमॅबचा खर्च वेगळा.

म्हणून शेत विकायला काढण्याआधी डॉक्टरांना थेट विचारा. आजार पुन्हा बायोप्सी करून पक्का केला आहे का? प्रत्यारोपण किंवा दुसरं औषध का नको? सांगितलेल्या रकमेत दुष्परिणामांचा खर्च धरला आहे का? पेशी बनल्याच नाहीत तर किती पैसे परत? एखादी क्लिनिकल ट्रायल चालू आहे का? ट्रायलमध्ये चाचणीतल्या औषधाचे पैसे घेत नाहीत. प्रवासासाठी रेल्वेची सवलत आहे: रुग्णालयाने ठरावीक नमुन्यात दाखला दिला की कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत तिकीट माफ असतं, सोबतच्या एकाला ७५ टक्के सूट.

गावी परतल्यावर

पेशी दिल्यानंतरचे पहिले दोन ते चार आठवडे रुग्णालयापासून तासाभराच्या अंतरावरच राहावं लागतं, म्हणजे खोलीचं भाडं आणि सोबत एक माणूस. घरी आल्यावरही काही आठवडे मोटरसायकल, ट्रॅक्टर चालवायचं नाही. थ्रेशरजवळ, कुटाराच्या ढिगाजवळ, बुरशी आलेल्या कडब्याजवळ जायचं नाही. त्यातली बुरशी कमजोर फुप्फुसात घर करते. जिवंत जंतूंच्या लसी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. ताप १००.४च्या वर गेला तर वाट न पाहता, रात्री का असेना, ज्या रुग्णालयात पेशी दिल्या तिथे फोन करायचा. गावातल्या डॉक्टरनेही त्या रुग्णालयाने दिलेल्या कार्डावरच्या नंबरवर बोलल्याशिवाय स्टेरॉइड द्यायचं नाही. आजार अंगात कुठे उरला आहे ते दाखवणारा पहिला पेट स्कॅन साधारण एका महिन्याने असतो, दुसरा तिसऱ्या महिन्याला. जायच्या तारखा आणि रेल्वेचा दाखला रुग्णालय सोडतानाच हातात घ्या.